एका ओळीचा हुकूम

‘‘तूच विचार गं त्याला. आमच्याशी धड दोन वाक्यं बोलत नाही. त्या काळ्या पडद्याशी मात्र रात्र रात्र बोलत बसतो!’’

चहाचा कप माझ्या हाती देता देता मावशीने तक्रार नोंदवली. मावशीचे घर दुर्ग-भिलाईच्या मोहन नगरात. नागपूरहून हावड्याकडे निघालेली गाडी गोंदिया, डोंगरगड, राजनांदगाव करीत दुर्गला पोचते, तेव्हा आपण महाराष्ट्र केव्हाच मागे टाकलेला असतो. पण मावशीच्या घरात पाऊल टाकले की भिंतीवर कालनिर्णय, देवघरात गणपती आणि डब्यात थालीपिठाची भाजणी, असे सगळे जागच्या जागी सापडते. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी आणि भाजीवालीशी छत्तीसगढी, अशा तीन भाषा मावशी सहज बोलते. मुलाची चौथी भाषा मात्र तिला कळत नाही, आणि खरे दुखणे तेच होते.

मुलगा म्हणजे माझा मावसभाऊ. वय वर्षे सव्वीस. बीसीए झाला आणि नोकरीच्या मागे न लागता घरी बसूनच दुकाने, क्लासेस, दवाखाने यांच्या वेबसाइट बनवू लागला. काका भिलाईच्या पोलाद कारखान्यातून, जिथे रेल्वेचे रूळ तयार होतात त्या विभागातून निवृत्त झालेले. त्यांच्या लेखी काम म्हणजे ड्यूटी आणि ड्यूटी म्हणजे शिफ्ट, गेट आणि भोंगा. जिथे ना गेट ना भोंगा, त्याला काम कसे म्हणायचे, हा त्यांचा सवाल. ‘‘आम्ही काय बनवलं ते गाडीत बसलं की चाकाखाली वाजतं. हा काय बनवतो ते मला कुणी तरी दाखवा,’’ असे ते मला म्हणाले.

म्हणून त्या संध्याकाळी मी भावाच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तेव्हा जे पाहिले आणि पुढच्या दोन दिवसांत जे घडले, ते अनेक घरांच्या उपयोगी पडेल असे वाटते. कारण काळ्या पडद्याशी बोलणारा असा एखादा मुलगा किंवा मुलगी आज गल्लोगल्ली आहे.

पडदा काळा का?

वाचकांपैकी ज्यांनी तीस-पस्तीस वर्षांपूर्वी संगणकाचा कोर्स केला असेल, त्यांना हा पडदा अगदीच अनोळखी नाही. तेव्हा एमएस-डॉस शिकवत. चित्रे नाहीत, माउसची टकटक नाही. काळ्या पडद्यावर एक रेघ तेवढी लुकलुकत असे. ‘डीआयआर’ ही अक्षरे टाइप करून एंटर दाबले की फाइलींची यादी झरझर उमटायची. पुढे विंडोज घरोघर आले, आपण चित्रांवर टिचकी मारून कामे करू लागलो आणि तो काळा पडदा इतिहासजमा झाला असे समजून चाललो. प्रत्यक्षात तो कुठेही गेला नव्हता. जे सॉफ्टवेअर तयार करतात त्यांच्या टेबलावर तो कायम होता. त्याला कमांड लाइन म्हणतात. एका ओळीत हुकूम लिहायचा, एंटर दाबायचे, संगणक तो बजावतो.

‘‘पण इतकी सुंदर बटणं असताना हे जुनं कशाला?’’ मी विचारले.

‘‘ताई, आठ ठिकाणी क्लिक करून केलेलं काम मैत्रिणीला फोनवर सांगून बघ,’’ भाऊ म्हणाला. ‘‘वर उजवीकडे जा, तिसरं चित्र दाब, मग खाली... अर्ध्यात गोंधळ होतो. हुकूम एका ओळीचा असतो. तो लिहून ठेवता येतो, व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येतो, उद्या परत तसाच चालवता येतो. आणि जिथे वेबसाइट ठेवलेली असते त्या दूरच्या संगणकाला बहुतेक वेळा पडदा नसतोच. त्याच्याशी असंच बोलावं लागतं.’’

मला हे पटले. घरी नाही का, आई पदार्थ करून दाखवते तेव्हा तो तिच्या हाताचा असतो. पण वहीत कृती लिहून ठेवली की ती सुनेला, नातीला, कुणालाही करता येते.

सुटे भाग

त्याच्या हाती त्या वेळी एका मंगल कार्यालयाचे काम होते. लोकांनी घरबसल्या तारीख पाहावी, मोकळी असेल तर नाव नोंदवावे, अशी वेबसाइट. त्याने मला ती पडद्यावर दाखवली. वर नाव, खाली सभागृहाचे फोटो सरकत आहेत, मध्ये महिन्याचा तक्ता, शेवटी नाव-पत्ता भरण्याचा फॉर्म.

‘‘हे एक पान दिसतं ना? हे एक नाहीच,’’ तो म्हणाला. ‘‘हे सुटे भाग जोडून केलंय. फोटोंची पट्टी एक भाग, तारखांचा तक्ता एक भाग, बटण एक भाग. तक्ता तीन पानांवर लावलाय, पण बनवलाय एकदाच. एका जागी दुरुस्त केला की तिन्हीकडे दुरुस्त होतो.’’

अशा सुट्या भागांना कॉम्पोनंट म्हणतात. पूर्वी वेबसाइटचे प्रत्येक पान वेगळे लिहीत. दुकानाचा फोन नंबर बदलला की वीस पानांवर जाऊन बदलायचा. फेसबुक कंपनीने २०१३ साली रिअ‍ॅक्ट हे साधन जगाला खुले केले, २०१४ मध्ये इव्हान यू या तरुणाने व्ह्यू आणले, गुगलने २०१६ मध्ये अँग्युलर नव्या रूपात आणले आणि सुट्या भागांची ही रीत सगळीकडे रुळली.

ही कल्पना मात्र फार जुनी आहे. ऑक्टोबर १९६८ मध्ये जर्मनीतल्या गार्मिश या गावी सॉफ्टवेअरच्या जाणकारांची एक परिषद भरली होती. तिथे अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेचे डग मॅकिलरॉय यांनी असे मांडले की, इतर कारखाने बाजारातून तयार सुटे भाग घेऊन यंत्रे जुळवतात, मग प्रोग्राम लिहिणाऱ्याने दर वेळी सगळे पहिल्यापासून का घडवावे? याच मॅकिलरॉय यांच्या आग्रहामुळे १९७३ मध्ये युनिक्स प्रणालीत अशी सोय आली की, एका छोट्या हुकुमाचे उत्तर नळीतून पाणी जावे तसे थेट दुसऱ्या हुकुमाच्या हाती द्यावे. म्हणजे सुटे भाग आणि एका ओळीचे हुकूम, या दोन्ही गोष्टींना पुढे नेणारा माणूस एकच. आज भावाच्या टेबलावर त्या दोन्ही एकत्र नांदत होत्या.

भावाने मला करून दाखवले. त्याने एक ओळ लिहिली. क्षणात नव्या वेबसाइटचा रिकामा सांगाडा उभा राहिला. कोणती फाइल कुठे ठेवायची त्याचे कप्पे तयार. दुसऱ्या ओळीने लागणारे सुटे भाग इंटरनेटवरून उतरवून घेतले. तिसऱ्या ओळीने वेबसाइट त्याच्याच लॅपटॉपवर चालू झाली, जगाला दाखवण्याआधी आपण पाहावी म्हणून. चौथ्या ओळीने ती बांधून, आवळून पाठवण्याजोगी केली. अँग्युलरमध्ये तर नवा सुटा भागसुद्धा हुकूम देऊन तयार करता येतो.

या हुकमी साधनांतही नवे-जुने चालते. रिअ‍ॅक्टच्या कामासाठी २०१६ मध्ये निघालेले ‘क्रिएट रिअ‍ॅक्ट अ‍ॅप’ हे साधन फेब्रुवारी २०२५ मध्ये अधिकृतपणे निवृत्त झाले. भाऊ वापरतो ते साधनही इव्हान यू यांनीच २०२० मध्ये आणलेले. नाव फ्रेंच, अर्थ ‘झटपट’ आणि उच्चार ‘वीट’! मावशीला हे नाव फार आवडले. घर बांधायचे तर वीट हवीच. ‘‘रोज नवं शिकून वीट आला नाही म्हणजे झालं,’’ वर्तमानपत्रामागून काका म्हणाले. म्हणजे ते ऐकत होते.

सहकुटुंब, सहपरिवार

हे सुटे भाग येतात कुठून? जगभरातले लोक ते लिहितात आणि बहुतांशी फुकट देऊन टाकतात. जावास्क्रिप्ट या भाषेतल्या अशा भागांचे सर्वांत मोठे कोठार म्हणजे एनपीएम. ते २०१० मध्ये आयझॅक श्लुटर यांनी सुरू केले, २०२० मध्ये गिटहब कंपनीने ते घेतले आणि आज तिथे २० लाखांहून अधिक गठ्ठे आहेत. ‘एनपीएम इन्स्टॉल’ एवढे लिहिले की हवा तो गठ्ठा दारात हजर.

भावाच्या यादीत चौदा नावे होती. एंटर दाबल्यावर पडद्यावर आकडा आला पाचशेच्या वर.

‘‘चौदाचे पाचशे कसे झाले?’’

‘‘मंगल कार्यालयाचंच उदाहरण घे. आमंत्रण चौदा घरांना दिलं, पण पत्रिकेवर काय छापलंय? सहकुटुंब, सहपरिवार. प्रत्येक भाग त्याला लागणारे भाग बरोबर घेऊन येतो, ते आणखी त्यांचे घेऊन येतात.’’

‘‘आणि या पाचशेंना तू ओळखतोस?’’

तो हसला. ‘‘चौदांना ओळखतो. बाकीच्यांना चौदांनी ओळखलं असेल, असं समजून चालतो.’’

त्या हसण्यातच पुढच्या रात्रीच्या गोंधळाचे बीज होते.

एका दिवसाचा फरक

वेबसाइट परवा सकाळी मालकांना दाखवायची होती. भावाचा जुना लॅपटॉप धापा टाकत होता, म्हणून त्याने नवा घेतला होता. काम नव्यावर हलवले, हुकूम दिला, सुटे भाग उतरले, वेबसाइट चालू झाली. पडद्यावर लाल अक्षरात एकही चूक नाही. त्याने सुटकेचा नि:श्वास टाकला.

मावशी म्हणाली, ‘‘मला बघू दे तरी.’’ तिने भिंतीवरचे कालनिर्णय काढून मांडीवर घेतले आणि एक मुहूर्ताची तारीख निवडून स्वत:च्या नावाने नोंदवली. पावती आली. मावशी पावतीकडे पाही, कालनिर्णयाकडे पाही.

‘‘अरे, मी गुरुवार दिला होता. हा बुधवार दाखवतोय.’’

पुन्हा केले, पुन्हा तेच. दिलेली तारीख एक, छापलेली तारीख एक दिवस आधीची.

वाचकहो, किराणा दुकानाच्या वेबसाइटवर एका दिवसाचा फरक पडला तर साखर उशिरा येईल. मंगल कार्यालयाच्या तारखेत एका दिवसाचा फरक म्हणजे मुहूर्तावर दारात वरात आणि आत दुसऱ्याच कुणाचा हळदीचा मांडव! शिवाय हे काम त्याला ओळखीतून मिळालेले. अर्धे पैसे आगाऊ घेतलेले. जुन्या लॅपटॉपवर महिनाभर हेच सगळे बरोबर चालले होते, आणि भावाने स्वत: एक अक्षर बदलले नव्हते. मग बिघडले काय?

रात्री दहापासून शोध सुरू झाला. साडेबाराच्या सुमारास त्याने कपाळावर हात मारला.

इथे थोडे समजावून सांगायला हवे. सुट्या भागांबाबत प्रत्येक कामात दोन कागद असतात. पहिला म्हणजे यादी. आपण वाण्याला लिहून देतो तशी: तूरडाळ, साखर, तेल. दुसरा म्हणजे पक्के बिल: कोणत्या कंपनीची डाळ, कोणते पाकीट, किती वजन. प्रोग्रामवाले या दुसऱ्या कागदाला लॉक फाइल म्हणतात. पाचशेच्या पाचशे भागांपैकी नेमका कोणता, कितव्या आवृत्तीचा आणि खूणगाठ काय, हे त्यात असते. एनपीएममध्ये ही फाइल आपोआप तयार होऊ लागली ती २०१७ पासून.

यादीत मात्र थोडी सैल भाषा असते. आवृत्तीचे तीन आकडे असतात. शेवटचा आकडा वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर नवी सोय, पहिला वाढला तर मोठा बदल, जुने मोडू शकेल असा. नावापुढे टोपीसारखी एक खूण असली तर तिचा अर्थ ‘पहिला आकडा तोच ठेवून मिळेल ते नवे दे’. मधला आकडा वाढल्याने जुने काही बिघडणार नाही, असा संकेत आहे. पण संकेत पाळणारी शेवटी माणसेच. नजरचुकीने तो मोडतो.

झाले होते ते असे. काही दिवसांपूर्वी एक चूक सुटेना म्हणून भावाने एक व्हिडिओ पाहिला. त्यात उपाय सांगितला होता: लॉक फाइल पुसून टाका आणि सगळे नव्याने उतरवा. याने तसे केले, ती चूक गेली, आणि पक्के बिलही गेले. आता नव्या लॅपटॉपवर यादी पाहून माल आला, तो तारखांच्या एका भागाची नवी आवृत्ती घेऊन. तिच्यात वेळ मोजण्याची पद्धत बदललेली. भारताचे घड्याळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. आपली मध्यरात्र म्हणजे तिथे आदल्या दिवसाची संध्याकाळ. त्यामुळे गुरुवार सुरू होताच हिशेबात बुधवार धरला जात होता.

‘‘हीट नंबर’’

काका एवढा वेळ आरामखुर्चीत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एकच प्रश्न विचारला: ‘‘तुझ्या मालाला हीट नंबर नसतो का?’’

आम्ही दोघेही त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिलो.

भिलाईच्या कारखान्याचा करार सोव्हिएत संघाशी १९५५ मध्ये झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते तिथली पहिली झोतभट्टी सुरू झाली. तेव्हापासून रेल्वेचे रूळ ही भिलाईची ओळख. आता तिथे १३० मीटरचे रूळ जोडून २६० मीटर लांबीचे सलग रूळ पाठवले जातात. काका सांगू लागले, ‘‘तुझ्या मावशीचा चकल्यांचा जसा घाणा, तसा पोलादाचाही घाणा असतो. एका वेळी तयार करून ओतलेलं पोलाद म्हणजे एक हीट. प्रत्येक रुळावर कारखान्याचं नाव, महिना, साल उठवलेलं असतं आणि तो कोणत्या हीटचा, तो नंबर ठोकलेला असतो. दहा वर्षांनी कुठे तरी जंगलात रुळाला चीर गेली, तर नंबर वाचायचा. त्या हीटचे बाकीचे रूळ कुठे कुठे गेले ते काढायचं. नंबर नसलेला रूळ आम्ही गेटबाहेर जाऊ दिला नाही कधी. मग तो दिसायला कितीही सरळ असो.’’

भाऊ काही बोलला नाही. मग हळूच म्हणाला, ‘‘असतो, बाबा. मीच पुसला.’’

नशीब असे की, दोन महिन्यांपूर्वी त्याने सगळे काम गुंडाळून नागपूरच्या एका मित्राला तपासायला पाठवले होते. मित्राला रात्री एक वाजता उठवले. त्या गठ्ठ्यात जुनी लॉक फाइल होती. ती जागेवर ठेवून भावाने ‘एनपीएम सीआय’ हा हुकूम दिला. हा हुकूम यादीकडे पाहून अंदाज बांधत नाही; लॉक फाइलीत लिहिले असेल तेच आणि तेवढेच आणतो, आणि दोन्ही कागद जुळत नसतील तर काम थांबवतो. दीड वाजता मावशीने पुन्हा गुरुवार नोंदवला. पावतीवर गुरुवार आला.

अकरा ओळींची गोष्ट

हे फक्त मोहन नगरातल्या नवशिक्याचेच होते असे समजू नका. २२ मार्च २०१६ रोजी जगातल्या नामांकित कंपन्यांची कामे अशीच अडली होती. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा एक सुटा भाग होता, जेमतेम अकरा ओळींचा. काम काय, तर आकडा ठरावीक लांबीचा व्हावा म्हणून डावीकडे शून्ये किंवा रिकाम्या जागा भरणे. ७ चे ००७ करणे. तो लिहिणारे अझेर कोचुलू यांचा ‘किक’ या नावावरून एका कंपनीशी वाद झाला. कोठाराने ते नाव कंपनीला दिले, तेव्हा रागावून त्यांनी आपले अडीचशेहून अधिक गठ्ठे काढून घेतले. त्यात हे अकरा ओळींचे चिमुकले बाळही गेले. पण ते ‘सहपरिवार’ कुठे कुठे पोचले होते! हजारो कामांचे हुकूम एकाएकी नापास होऊ लागले. काही तासांतच कोठाराने तो भाग परत ठेवला आणि पुढे माल काढून घेण्याचे नियम कडक केले.

त्याहून वाईट म्हणजे घातपात. २०१८ मध्ये ‘इव्हेंट-स्ट्रीम’ या लोकप्रिय भागाच्या कर्त्याने, आता वेळ होत नाही म्हणून, मदत करू पाहणाऱ्या एका अनोळखी माणसाच्या हाती कारभार सोपवला. त्या माणसाने आत बिटकॉइन चोरणारा भाग लपवला. ८ सप्टेंबर २०२५ रोजी तर कोठाराच्याच नावाने आलेल्या खोट्या ईमेलला एक अनुभवी कर्ता फसला. त्याच्या खात्यातून अठरा गठ्ठ्यांत चोरटा मजकूर घातला गेला. हे गठ्ठे आठवड्याला दोनशे कोटींहून अधिक वेळा उतरवले जाणारे. काही तासांत लबाडी उघडी पडली म्हणून निभावले.

बँकेच्या नावाने येणारे खोटे फोन आपण सगळेच ओळखू लागलो आहोत. तीच फसवणूक या जाणकारांच्या दारातही येते, एवढेच.

तुमच्या घरी असा मुलगा असेल तर

या दोन दिवसांत भावाने भिंतीवर एक कागद चिकटवला. त्यातल्या गोष्टी मी उतरवून आणल्या आहेत. तुमच्या घरातल्या मुला-मुलींना वाचून दाखवा.

एंटर दाबण्याआधी नाव नीट वाचावे. प्रसिद्ध भागाच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून लबाड लोक बनावट माल ठेवतात. एआयने सुचवलेला हुकूमही तपासावा. तो कधी कधी अस्तित्वातच नसलेले नाव ठोकून देतो, आणि त्याच नावाने कुणी तरी सापळा लावून ठेवलेला असू शकतो.

लॉक फाइल कधी पुसू नये. कामाच्या इतर फाइलींबरोबर तीही जपावी. नव्या यंत्रावर काम हलवताना ‘सीआय’चाच हुकूम द्यावा.

व्हिडिओत सांगितलेला हुकूम चालवण्याआधी तो काय पुसतो आणि काय आणतो, हे समजून घ्यावे. चूक नाहीशी होणे म्हणजे चूक सुधारणे नव्हे.

नवी आवृत्ती डोळे मिटून घेऊ नये आणि कधीच न घेणेही चूक. ‘एनपीएम ऑडिट’ या हुकुमाने माहीत असलेले दोष कळतात. दुरुस्ती वेगळा दिवस काढून करावी, तपासावी, मगच लावावी. मालकांना दाखवायच्या आदल्या रात्री तर मुळीच नाही.

आणि जे काम अकरा ओळींत होते, ते स्वत: लिहावे. पाहुणे जितके कमी, तितकी काळजी कमी.

ज्यांना हा काळा पडदा पहिल्यापासून शिकायचा आहे, त्यांनी महागड्या क्लासची फी भरण्याआधी आयआयटी मुंबईचे ‘स्पोकन ट्युटोरिअल’ पाहावे. लिनक्सच्या हुकुमांचे धडे तिथे मराठीत आणि हिंदीतही आहेत, आणि ते विनामूल्य आहेत. इंग्रजी कच्चे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. हुकुमांचे शब्द मोजके असतात, आणि तेच ते पुन्हा येतात.

दुकान, क्लास किंवा कार्यालय चालवणाऱ्या वाचकांसाठीही दोन शब्द. वेबसाइट करून घेताना नुसता रंग आणि फोटो पाहू नका. नाव म्हणजे डोमेन आपल्या नावावर नोंदवले आहे ना, सगळ्या फाइलींची प्रत लॉक फाइलीसह आपल्याला मिळाली ना, पुढे देखभाल कोण आणि किती दिवसांनी करणार, हे आधी विचारा. आणि लोकांसाठी खुली करण्याआधी घरातल्या एखाद्या चौकस माणसाला ती वापरायला द्या. लाल अक्षरातली चूक यंत्र दाखवते. न दिसणारी चूक माणसालाच सापडते. आमच्या मावशीला सापडली, ती कालनिर्णयामुळे.

तिसऱ्या दिवशी सकाळी भाऊ काम दाखवायला निघाला. काकांनी त्याला दारात थांबवले. ‘‘काय रे, तुझ्या त्या बिलात पाचशे नावं आहेत ना? मला एकदा छापून दे. बघू तरी कुठला कुठला माल आहे.’’

भावाने संध्याकाळी खरोखरच छापून आणली. तीसेक पानांवर बारीक अक्षरे. काकांना त्यातले काय कळले ते ठाऊक नाही. पण मी परतीच्या गाडीला निघाले, तेव्हा ते चष्मा लावून, पेन्सिल घेऊन एकेका ओळीवर खूण करीत बसले होते. शेजारी भाऊ काही तरी समजावत होता. मावशीने मला खूण केली, आता मध्ये बोलू नको म्हणून.